नरकासुर गेमचा सर्व्हर: पासवर्ड कसे ठेवायचे आणि बॅकएंड कशात लिहायचा?

अंत्रुज_कोडर

नमस्कार मंडळी. आम्ही चौघंजण फोंड्याला इंजिनीअरिंग करतोय आणि एक मल्टिप्लेयर गेम बनवतोय. वाड्यावाड्यातली पोरं मिळून नरकासुर उभारतात, कागद, गवत, बांबू गोळा करायचं, दुसऱ्या वाड्याच्या आधी पुरा करायचा आणि पहाट व्हायच्या आत मिरवणूक काढून जाळायचा, असा गेम आहे. क्लायंट गोडो इंजिनमध्ये आहे, तो भाग जमलाय. चतुर्थीपर्यंत टेस्टिंग आणि दिवाळीआधी प्ले स्टोअरवर, असा विचार आहे.

अडलंय ते सर्व्हरपाशी. लॉगिनचा कोड आधीच्या बॅचकडून आमच्याकडे आलाय, पीएचपीत आहे, त्यात पासवर्ड नुसते एमडी५ने हॅश करून (म्हणजे परत उलटवता न येणारी खूण बनवून) डेटाबेसमध्ये ठेवलेत, सॉल्ट (प्रत्येक पासवर्डला जोडायचा वेगळा रँडम तुकडा) वगैरे काही नाही, आणि पाचसहाशे अकाउंट त्यातच आहेत. हे बदलायचंय एवढं नक्की ठरलंय पण कशाने यावर आमच्यातच तीन मतं. एकजण म्हणतो एईएसने एन्क्रिप्ट करूया म्हणजे कोणी विसरला तर परत काढून देता येईल, दुसरा म्हणतो शा-२५६ आणि सॉल्ट पुरे, तिसरा म्हणतो फोनमध्येच हॅश करून पाठवूया म्हणजे सर्व्हरला खरा पासवर्ड कळणारच नाही.

आणि दुसरं म्हणजे बॅकएंड नव्याने लिहायचाच आहे तर कुठल्या भाषेत? मला पायथन चांगलं येतं, नोड थोडंफार, एका मित्राला गो शिकायचंय, एकजण रस्ट सोडून काही ऐकत नाही. सर्व्हर म्हणजे १ जीबी रॅमचा साधा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर), त्याहून जास्त परवडणार नाही. खेळणारी बहुतेक आठवी ते बारावीची मुलं असतील, म्हणून पासवर्डच्या बाबतीत जरा जास्तच काळजी वाटतेय. जाणकारांनी सांगावं.

पर्वरी_बॅकएंड

आधी पासवर्डचं बोलतो. भाषा चुकली तर वर्षभराने बदलता येते रे, मुलांचे पासवर्ड एकदा बाहेर गेले की गेले, आणि तोच पासवर्ड त्यांनी ईमेलला, इन्स्टाला लावलेला असतो.

एईएस नको. एन्क्रिप्ट केलेलं परत उघडता येतं म्हणजे चावी कुठेतरी तुमच्याच सर्व्हरवर असणार, आणि जो डेटाबेस उचलून नेतो त्याच्या हाताला बहुतेक वेळा कॉन्फिगची फाइलपण लागते. अॅडोबीचं २०१३ सालचं प्रकरण वाचा एकदा. त्यांनी पासवर्ड हॅश न करता ट्रिपल डेसने एन्क्रिप्ट केले होते, सगळ्यांना एकच चावी, त्यामुळे ज्यांचा पासवर्ड सारखा त्यांची डेटाबेसमधली ओळपण सारखी, आणि शेजारीच लोकांनी लिहिलेल्या हिंट उघड्या, मग काय, चावी न मिळताच नुसत्या हिंट जुळवून लोकांनी ढिगाने पासवर्ड ओळखले. विसरलेला पासवर्ड परत काढून द्यायचाच नसतो, नवा सेट करायची लिंक द्यायची, एकदाच चालणारी आणि पंधरावीस मिनिटांत मरणारी.

शा-२५६ आणि सॉल्ट का पुरत नाही ते आकड्यांत सांगतो. आरटीएक्स ४०९० हे गेम खेळायला घेतात तेच कार्ड, हॅशकॅट नावाच्या टूलने ते शा-२५६ चे सेकंदाला दोन हजार कोटींवर प्रयत्न करतं. आठ अक्षरांचा, सगळा स्मॉल लेटरमधला पासवर्ड घेतला तर एकूण शक्यता साधारण २०,९०० कोटी, म्हणजे दहा सेकंदांत सगळ्या संपल्या. तोच पासवर्ड बीक्रिप्ट या मुद्दाम हळू ठेवलेल्या पद्धतीने, कॉस्ट (हळूपणाचा आकडा) १२ ठेवून हॅश केला असेल तर त्याच कार्डाला सेकंदाला जेमतेम दीड हजार प्रयत्न होतात, आणि सगळ्या शक्यता तपासायला साडेचार वर्षं लागतात. फरक एवढा आहे. सॉल्टचं काम वेगळं, दोघांनी एकच पासवर्ड ठेवला तरी हॅश वेगळा यावा आणि आधीच करून ठेवलेले तक्ते चालू नयेत एवढंच ते करतं, एकाच मुलाच्या अकाउंटमागे लागलेल्याला सॉल्ट थांबवत नाही, त्याला थांबवतो तो मुद्दाम ठेवलेला हळूपणा. झिंगाचे २०१९ मध्ये सतरा कोटींवर अकाउंट गेले, तिथे सॉल्ट होतंच, पण हॅश होता शा-१. गेमवालेच होते तेही.

तेव्हा बीक्रिप्ट नाहीतर आर्गॉन२आयडी, दोन्हीतलं एक. बीक्रिप्ट १९९९ चं आहे, प्रोव्होस आणि माझिएर यांनी काढलेलं, इतकी वर्षं टिकलंय, कॉस्टचा आकडा एकने वाढवला की वेळ दुप्पट होतो. आर्गॉन२ ने २०१५ मध्ये पासवर्ड हॅशिंगची स्पर्धा जिंकली, ते वेळेसोबत मेमरीपण खातं म्हणून ग्राफिक्स कार्डवाल्याला जास्त जड जातं. वेबसुरक्षेवर काम करणारी ओवॅस्प संस्था त्याच्यासाठी कमीत कमी १९ एमबी मेमरी, २ फेऱ्या, १ थ्रेड असं सांगतं. पण तुमची रॅम १ जीबी आहे हे विसरू नका, एकाच क्षणी ५० जणांनी लॉगिन दाबलं तर १९ गुणिले ५० म्हणजे साडेनऊशे एमबी, सर्व्हर तिथेच झोपला. म्हणून हॅशिंगला रांग लावा, एका वेळी चार, बाकीचे थांबतील अर्धा सेकंद. नाहीतर सरळ बीक्रिप्ट घ्या, तुमच्यासारख्यांना मी तेच सांगेन. कॉस्ट किती ते तुमच्या व्हीपीएसवर मोजून ठरवा, लॅपटॉपवर मोजू नका, एका लॉगिनला पाव सेकंदाच्या आसपास लागला की बरोबर.

फोनमध्ये हॅश करून पाठवायचं म्हणाल तर मग तो हॅश हाच पासवर्ड झाला, डेटाबेस चोरणाऱ्याला तोच हॅश जसाच्या तसा पाठवून आत येता येईल. पासवर्ड टीएलएसमधून (म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीतून) सर्व्हरकडे जाऊ दे, लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट मिळतं, आणि हॅश सर्व्हरवरच होऊ दे.

आणि एक गोष्ट जी कोणी बघत नाही, लॉग. डीबग करताना आलेली अख्खी रिक्वेस्ट लॉगमध्ये छापायची सवय असते सगळ्यांना, त्यात पासवर्ड साध्या अक्षरांत बसलेला असतो. ट्विटरने २०१८ मध्ये तेहतीस कोटी लोकांना पासवर्ड बदला म्हणून सांगितलं ते याचमुळे, बीक्रिप्ट होतं त्यांच्याकडे, पण हॅश व्हायच्या आधीच पासवर्ड आतल्या लॉगमध्ये लिहिला जात होता.

साखळीची_सई

वरचं सगळं बरोबर, भाषेचं मी सांगते.

पहिलं म्हणजे लॉगिन आणि खेळ हे दोन वेगळे प्रोसेस ठेवा, भाषा कुठलीही असो. तुमचा गेम समजा सेकंदाला २० टिकने (खेळाची स्थिती पुढे नेणाऱ्या ठोक्यांनी) चालतो, म्हणजे एका टिकला ५० मिलिसेकंद. बीक्रिप्टला पाव सेकंद लागतो. दोन्ही एकाच थ्रेडवर असले तर कोणीतरी एकाने लॉगिन केलं की पाच टिक गेले, आणि बांबू उचलणारी सगळी पोरं जागच्या जागी थिजली. नोडमध्ये हे हमखास होतं, कारण बीक्रिप्टचं सिंक नावाचं फंक्शन ट्युटोरियलमध्ये सोपं दिसतं म्हणून लोक तेच उचलतात आणि ते इव्हेंट लूप, म्हणजे सगळी कामं एकामागून एक करणारा मुख्य थ्रेड, अडवून बसतं. असिंक वापरलं तर काम मागच्या थ्रेडपूलकडे जातं, पण त्या पूलमध्येही मुळात चारच थ्रेड असतात आणि फाइल वाचणं, डीएनएस शोधणं हे पण तिथेच चालतं, म्हणजे संध्याकाळी शाळा ट्युशन आटपून सगळे एकदम आले की तिथेही गर्दी. पायथनचं तेच, वेगळा वर्कर प्रोसेस करा.

लॉगिन सर्व्हरने पासवर्ड तपासायचा आणि ३२ बाइटचा रँडम टोकन (ओळख पटवणारा तात्पुरता पास) द्यायचा, गेम सर्व्हरला फक्त टोकन माहीत, पासवर्ड त्याच्यापर्यंत पोचतच नाही. डेटाबेसमध्ये टोकनचा शा-२५६ ठेवा, इथे तो चालतो कारण टोकन माणसाने सुचवलेलं नसतं, त्याचा अंदाज बांधायला काही सापडत नाही. जेडब्ल्यूटी (डेटाबेस न बघता तपासता येणारा, सही केलेला टोकन) नको म्हणेन, कोणाला बॅन केलं तरी त्याचा टोकन मुदत संपेपर्यंत चालतच राहतो. तुम्ही ईनेटवर (गोडोच्या नेटवर्क लायब्ररीवर) आहात तर गोडोमध्ये डीटीएलएसची, म्हणजे ती जोडणी एन्क्रिप्ट करायची, सोय आहे, ती चालू करा, नाहीतर टोकन उघडाच फिरेल.

आता भाषा. ईव्ह ऑनलाइन एवढी वर्षं पायथनच्याच एका प्रकारावर चाललाय, माइनक्राफ्टचा मूळ सर्व्हर जावात, डिस्कॉर्डचं बरंचसं एलिक्झिरमध्ये. म्हणजे भाषेमुळे कोणाचा गेम अडलेला नाही. तुमच्या चौघांत रात्री अकरा वाजता सर्व्हर पडला तर कोड उघडून कोण वाचू शकतं ते बघा आणि तीच भाषा घ्या. मला विचारशील तर लॉगिनचा भाग तुला येतंय त्या पायथनमध्येच कर, आणि गेमचा सर्व्हर गो मध्ये. गो मध्ये एकच बायनरी तयार होते, व्हीपीएसवर नुसती कॉपी करायची, रॅम कमी खाते, आणि पंधरा दिवसांत कामापुरती हाताला येते.

किंवा सगळंच स्वतः लिहायचा हट्ट नसेल तर नाकामा बघा, ओपन सोर्स गेम सर्व्हर आहे, गो मध्येच लिहिलेला, ईमेल, गूगल, डिव्हाइस सगळ्या प्रकारचं लॉगिन तयार मिळतं, पोस्टग्रेसवर चालतो, गोडोसाठी लायब्ररीपण आहे. दिवाळी जवळ आहे म्हणून सांगतेय.

रस्टप्रेमी_वास्को

रस्टवाल्या मित्राचं एवढं मनावर घेऊ नका असं कोणी म्हणायच्या आधी सांगतो, डिस्कॉर्डनेच २०२० मध्ये त्यांची एक सर्व्हिस गो मधून रस्टमध्ये आणली कारण गो चा गार्बेज कलेक्टर (नको झालेली मेमरी साफ करणारा भाग) दर दोन मिनिटांनी येऊन झटका द्यायचा. गेममध्ये असा झटका खेळणाऱ्याला लगेच जाणवतो. रस्टमध्ये गार्बेज कलेक्टरच नाही. शिकायला वेळ लागतो हे मान्य, पण एकदा कंपाइल झालं की निम्मी भीती तिथेच संपते.

साखळीची_सई

ते खरं आहे, पण त्या सर्व्हिसच्या कॅशमध्ये लाखो नोंदी होत्या, आणि त्या नोंदी पुन्हापुन्हा चाळल्यामुळे तो झटका येत होता. या मुलांच्या गेममध्ये एका खोलीत दोन वाडे, वीसेक खेळाडू. तो त्रास यांच्यापर्यंत यायला गेम आधी पुष्कळ मोठा व्हावा लागेल, आणि झालाच तर तेव्हा तेवढाच भाग रस्टमध्ये लिहिता येईल. दिवाळीची मुदत घेऊन रस्ट शिकायला बसणं मला पटत नाही.

मांडवीपार

मी मराठी टायपिंगच्या कामात आहे, म्हणून एक गोष्ट जी इंग्रजी ट्युटोरियलमध्ये तुम्हाला कधीच सापडणार नाही. तुमची मुलं देवनागरीत पासवर्ड ठेवणार, ठेवू द्याच, चांगलं आहे ते, लांब वाक्य लक्षात राहतं. पण बीक्रिप्ट पहिल्या ७२ बाइटच्या पुढे बघतच नाही, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजायचं. म्हणजे फक्त २४ चिन्हं.

समजा एका मुलीने पासवर्ड ठेवला "मिरामारच्या किनाऱ्यावर पावसात". पहिल्या शब्दाचे ३३ बाइट, दुसऱ्याचे ३०, दोन स्पेस, झाले ६५, उरले सात. सात बाइटांत "पा" बसतो आणि पुढच्या अक्षराचा एकच बाइट, आणि तो पहिला बाइट देवनागरीच्या सगळ्याच अक्षरांचा सारखा असतो. त्यामुळे "मिरामारच्या किनाऱ्यावर पाणी" असं टाकलं तरी लॉगिन होतं! पीएचपीचं फंक्शन गुपचूप कापतं, काही सांगत नाही. गो ची लायब्ररी निदान एरर देते. म्हणून देवनागरी चालू द्यायचं असेल तर मी आर्गॉन२आयडीच घ्या म्हणेन, त्याला ही मर्यादा नाही.

दुसरं, हाच "किनाऱ्यावर" बघा. यातला ऱ काही कीबोर्ड एकच चिन्ह म्हणून पाठवतात, काही र आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हं, आणि काही ठिकाणी र, हलन्त आणि मधे न दिसणारा जोडक असं करून तेच रूप उमटवतात. स्क्रीनवर तिन्ही सारखेच, बाइट वेगळे, हॅश वेगळा. मुलीने शाळेच्या कॉम्प्युटरवर अकाउंट काढलं आणि घरी आईच्या फोनवरून लॉगिन करायला गेली की पासवर्ड चुकीचा, आणि तिला कारणच कळणार नाही. हॅश करायच्या आधी युनिकोड नॉर्मलायझेशन करा, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करा, पायथनमध्ये युनिकोडडेटा आहे, गो मध्ये नॉर्म नावाचं पॅकेज. त्याने पहिले दोन प्रकार एक होतात. जोडकाचा तिसरा प्रकार त्यातून सुटतो, त्यासाठी र, हलन्त, जोडक असा क्रम दिसला की ऱ आणि हलन्त करून टाकायचं. नोंदणी आणि लॉगिन दोन्हीकडे तोच कोड चालला पाहिजे, एकीकडे राहिला तर उलट जास्त घोळ.

म्हापसेकर_ताई

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, तुमचे खेळाडू माझ्या वर्गात बसतात, म्हणून कळकळीने सांगते. आठवी नववीची मुलं एकमेकांना पासवर्ड सांगतात, एकाच फोनवर भावंडं खेळतात, आणि दहातल्या कितीतरी जणांचा पासवर्ड १२३४५६ असतो. २००९ मध्ये रॉकयू कंपनीचे तीन कोटींवर पासवर्ड उघड्या अक्षरांत बाहेर पडले, त्यातही पहिला नंबर यालाच होता. पण त्यावर "एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह" असले नियम लावू नका बाबांनो, मुलं मग पहिलं अक्षर कॅपिटल करून शेवटी १ आणि उद्गारचिन्ह लावतात. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनेही २०१७ पासून हे नियम नको म्हटलंय, लांबी बघा आणि आधीच फुटलेल्या पासवर्डच्या यादीत आहे का ते बघा. हॅव्ह आय बीन पोन्डची सोय फुकट आहे, पासवर्डच्या शा-१ हॅशची फक्त पहिली पाच अक्षरं पाठवायची, ते जुळणाऱ्या हॅशची यादी परत देतात, पुढचं आपण आपल्याकडे जुळवायचं.

आणि मुळात पासवर्ड घेऊच नका की! पाहुणा म्हणून खेळू द्या, ज्याला स्कोर जपायचाय त्याला गूगलने लॉगिन. जे आपल्याकडे नाही ते चोरीला जात नाही. जन्मतारीख, शाळेचं नाव, फोन नंबर काही मागू नका. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल धरलंय आणि पालकांची पडताळणी केलेली संमती लागते असं म्हटलंय, मुलांबाबतचे नियम मोडले तर दंड २०० कोटींपर्यंत जातो. फोनवर ओटीपी पाठवायचा म्हटलं तर एसएमएससाठी डीएलटीची (व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्यांची) नोंदणी करावी लागते ते वेगळंच.

अंत्रुज_कोडर

सगळ्यांना देव बरें करूं! एवढं कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. ताईंचं पटलं, पाहुणा आणि गूगल हेच मुख्य ठेवतो. पण काही मुलं आईवडिलांच्या फोनवर खेळतात, तिथे गूगल अकाउंट मुलाचं नसतं, म्हणून नाव आणि पासवर्ड हा तिसरा रस्ता ठेवावा लागेल असं वाटतं. तो आर्गॉन२आयडीने, मागे रांग लावून, पायथनमध्ये वेगळा प्रोसेस. गेमचा भाग गो मध्ये, नाकामा आज रात्री लावून बघतो.

दोन गोष्टी राहिल्या. ते जुने एमडी५ वाले अकाउंट, त्यांचं काय करायचं? मुलांचे स्कोर आहेत त्यात, उडवले तर नाराज होतील. आणि सारखे चुकीचे पासवर्ड टाकणाऱ्याला आयपीवरून अडवायचं का?

पर्वरी_बॅकएंड

आयपीवरून एकट्याने नको. मोबाइल नेटवर्कवर शेकडो लोक एकाच आयपीमागे असतात, एकाला अडवलंस की अख्खा गाव अडकेल. अकाउंटच्या हिशोबाने मोज, पाच वेळा चुकला की थोडं थांबव, मग जरा जास्त, पण कायमचं लॉक करू नको, नाहीतर दुसऱ्या वाड्यातली पोरं मुद्दाम तुमच्या कॅप्टनचा पासवर्ड चुकवत बसतील. आयपीला मर्यादा ठेव, पण बरीच वरची. आणि नावच सापडलं नाही तरी एक खोटा हॅश तपासून मगच "चुकीचं" म्हण, नाहीतर उत्तराच्या वेळेवरून कुठलं नाव अस्तित्वात आहे ते कळतं.

एमडी५ चं असं कर. लॉगिनची वाट बघत बसू नको, आहे त्या प्रत्येक एमडी५ ला आजच आर्गॉन२आयडीत गुंडाळ, म्हणजे ३२ अक्षरांची ती ओळच पासवर्ड समजून हॅश करायची आणि मूळ एमडी५ पुसून टाकायचा. शेजारी एक कॉलम ठेव, जुना की नवा. मुलाने लॉगिन केलं की त्याने टाकलेल्या पासवर्डचा आधी एमडी५, मग आर्गॉन२ तपासणी, जुळलं की लगेच खऱ्या पासवर्डचा सरळ नवा हॅश करून ठेवायचा आणि कॉलम बदलायचा. गुंडाळलेले तसेच कायम ठेवू नको, कारण त्याच पासवर्डचा एमडी५ दुसऱ्या कुठल्या चोरीत आधीच बाहेर असेल तर ती यादी घेऊन कोणीही जुळवून बघू शकतो. दोनतीन महिन्यांत जे आले नाहीत त्यांचा पासवर्ड रद्द कर, स्कोर राहू दे, परत आले की नवा पासवर्ड ठेवतील.

हे झालं की जुने बॅकअप शोध. आधीच्या बॅचच्या लॅपटॉपवर, ड्राइव्हवर, गिटच्या हिस्ट्रीत त्या टेबलची कॉपी नक्की असणार, तीपण काढायला लावा मरे, नाहीतर एवढं करून उपयोग नाही. आणि सगळ्यात आधी त्या कॉलमची लांबी बघ, एमडी५ साठी ३२ ची ठेवलेली असेल, आर्गॉन२ ची ओळ शंभरीच्या आसपास जाते, तेव्हा २५५ कर आणि मगच स्क्रिप्ट चालव.